डाव्या हाताला पाणी

१

बुधवार आला की मृदुला किल्ल्यावर जायची.

किल्ला आपला म्हणायचा म्हणून म्हणायचा. लहानपणी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी खाल्लेल्या बाईला या प्रकाराला किल्ला म्हणताना हसूच यायचं. ना तट, ना बुरूज, ना तोफ. फार वर्षांपूर्वी कुणा पैसेवाल्या स्कॉटिश माणसानं डनेडिन शहराबाहेर, बंदराकडे तोंड केलेल्या टेकडीवर भलंथोरलं दगडी घर बांधलं, वर एक मनोरा काढला आणि नाव ठेवलं आर्डमूर कॅसल. झाला किल्ला! आता तिथे तिकीट आहे, गुलाबांची बाग आहे आणि खोल्याखोल्यांतून लाल दोऱ्या बांधल्या आहेत, म्हणजे लोकांनी लांबूनच बघायचं. "आमच्या पुण्यात याला बंगला म्हणतात," असं तिनं तिकीट खिडकीवरच्या जॅनेटला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. जॅनेट सत्तरीची, गोलमटोल, हौसेखातर काम करणारी बाई. ती खो खो हसली आणि "स्वीट ॲज, लव्ह", म्हणजे झकासच, म्हणत तिनं मृदुलाला वर्षाचा पासच काढून दिला.

हॉस्पिटलच्या फार्मसीत मृदुलाची शनिवारी ड्यूटी असायची, त्याची भरपाई म्हणून बुधवारी सुट्टी. आणि सुट्टीच्या दिवशी फ्लॅटवर बसून करायचं काय? त्या फ्लॅटमध्ये आवाज करणारा एकटा फ्रिज. नवरा धैर्यशील आणि मुलगी सिद्धी वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला, म्हणजे दुसऱ्या बेटावर, मधे समुद्र. माणसाला घर लागतं हो. आपलं नसलं तरी चालतं, पण जिने, पडदे, शेकोटीसमोर ओढलेली खुर्ची असं घर लागतं. मृदुला त्या किल्ल्यात नुसती हिंडायची. लायब्ररीत उभी राहायची, मुलांच्या खोलीतल्या लाकडी घोड्याकडे बघायची आणि दुपार कलली की परत यायची.

जूनमधल्या अशाच एका बुधवारी दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पाऊस आडवा येत होता. बाकी कुणी चिटपाखरूही आलेलं नव्हतं. जून म्हणजे तिकडे हिवाळा, कॅफे तेवढ्यापुरता बंद होता. मृदुलाच्या पिशवीत डबा बघून जॅनेट म्हणाली, बाहेर कुठे बसतेस, आतल्या पॅन्ट्रीत बसून खा, मी कुणाला सांगणार नाही.

पॅन्ट्री म्हणजे डायनिंग रूमला लागून एक चिंचोळी खोली. जुन्या काळी नोकरमाणसं तिथे ताटल्या भरायची. मृदुला खिडकीपाशी बसली. मधलं दार उघडं होतं, त्यातून लाल दोरी आणि दोरीपलीकडचं लांबलचक टेबल दिसत होतं. टेबल कायम मांडलेलं असायचं. पांढऱ्या ताटल्या, काटे-चमचे, घडीचे रुमाल, प्रत्येक ताटलीच्या उजव्या अंगाला काचेचा पेला. मृदुलानं डबा उघडला. पोळी, मटकीची उसळ, लिंबाच्या लोणच्याची फोड. पहिला घास तोंडात घातला आणि तिला वाटलं, दारात कुणीतरी आलं.

"या जेवायला!" ती म्हणाली.

आपल्यात काय, तोंडात घास असताना दारात कुणी आलं की हे शब्द आपसूक बाहेर पडतात. येणारा काही लगेच बैठक मारत नाही. तो म्हणतो, "होऊ दे सावकाश," आणि बाजूला होतो. बोलावणाऱ्यालाही ठाऊक असतं, येणाऱ्यालाही.

मृदुलानं मान वर केली. दारात कुणीच नव्हतं. "वेडे, इथे मराठी कुणाला कळणार?" असं स्वतःलाच म्हणून ती हसली. दोरी मात्र जराशी हलत होती. वाराच एवढा होता, दारंखिडक्या सगळ्या खडखडत होत्या. तिनं डबा संपवला, झाकण लावलं आणि घरी आली.

२

वर्षभराचाच तर प्रश्न आहे, असं ठरलं होतं. डनेडिनची नोकरी वरच्या हुद्द्याची होती. धैर्यशीलचं आयटीतलं काम वेलिंग्टनला, सिद्धीची शाळा तिकडे. वर्षभर काढू, मग तिकडच्याच हॉस्पिटलात बघू. ते वर्ष केव्हाच सरलं होतं. आता विषय निघाला की धैर्यशील म्हणायचा, "अगं, आमचं इथे छान बसलंय आता. तू घाई करू नकोस." यात वाईट काही नव्हतं. पण "आमचं" हा शब्द मृदुलाला दिवसभर टोचत राहायचा.

रविवारी दुपारी ती ताट वाढून घ्यायची, फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा करायची आणि व्हिडिओ कॉल लावायची. पलीकडून सिद्धी दिसली की घास हातात धरून म्हणायची, "या जेवायला!" आणि सिद्धी म्हणायची, "होऊ दे सावकाश." तेरा वर्षांची पोर, सगळं मराठी समजायचं, उत्तर द्यायची ते बरंचसं इंग्लिशमध्ये. पण एवढे तीन शब्द ती स्वच्छ म्हणायची, कारण ती दोन वर्षांची असल्यापासून मृदुलानं ते घोकून घेतले होते. तसाच दुसरा नियम, वाढलेल्या पानावरून उठायचं नाही. "भूकंप आला तरी आधी ताटातलं संपव," मृदुला दटावायची. त्यावर सिद्धी शाळेतली भूकंपाची कवायत ऐकवायची, "आई, स्कूल सेज ड्रॉप, कव्हर ॲन्ड होल्ड!" आणि तिघंही हसत सुटायची.

हल्ली मात्र रविवारी फोन लावला की सिद्धी घाईत असायची. "आई, वी ऑलरेडी एट. नेटबॉल आहे मला. टॉक लेटर?"

ईस्टरला मृदुला घरी गेली होती. जेवायच्या टेबलाला तीन खुर्च्या, त्यांतल्या तिसरीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. सिद्धीनं फडताळातून ताटं काढली, दोन. दोन पेले. मग आईकडे लक्ष गेल्यावर जीभ चावली. "ओह, सॉरी! हॅबिट." धैर्यशीलनं लगबगीनं कपडे उचलले. "अगं बस ना, बस." मृदुला हसून म्हणाली, "राहू दे, मला ओट्यापाशीच बरं पडतं." आणि ती उभ्यानंच जेवली. रात्री बाथरूमचा नळ सोडून ती पोटभर रडली. रागानं नाही. तिला भीती वाटली होती. आपल्या घरात आता आपलं पान मांडत नाहीत, आणि त्यांना त्याचं काही वाटतसुद्धा नाही, ही ती भीती. परदेशात माणूस असंच हळूहळू पुसलं जातं की काय, कोण जाणे.

३

पुढच्या बुधवारी ती पुन्हा डबा घेऊन पॅन्ट्रीत बसली. जेवता जेवता नजर सहज टेबलावर गेली. काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. फार्मसीत असं व्हायचं तिला. शंभर गोळ्यांत एक वेगळी असली तर आधी डोळ्यांना बोचायची, मग कळायची. तिनं डबा बाजूला ठेवला आणि दोरीपाशी जाऊन टेबल नीट न्याहाळलं.

सगळे पेले उजवीकडे होते. फक्त खिडकीच्या बाजूच्या एका ताटलीचा पेला डावीकडे होता.

एवढंच. आता यात काय मोठंसं? इंग्रजी पद्धतीत पेला उजवीकडे. आपल्यात उजवा हात उष्टा, म्हणून पाणी डाव्या हाताला. पुसताना कुणीतरी इकडचा तिकडे ठेवला असेल. कुणी डावखुरं असेल. निघताना तिनं जॅनेटला सांगितलं.

"कान्ट बी, लव्ह," जॅनेट म्हणाली. "टेबल मीच मांडते, भिंतीवरचा फोटो बघून. गेल्या आठवड्यापासून तिथे कुणी गेलेलं नाही." पण चांगली बाई, लगेच उठली, दोरीखालून वाकून आत गेली आणि पेला उजवीकडे ठेवून आली. "हाउज्झॅट?"

"परफेक्ट," मृदुला म्हणाली.

घरी जाताना गाडीत तिच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या टेबलावर नेमकं ते पान पॅन्ट्रीच्या दारासमोरचं. तिनं "या जेवायला" म्हटलं तेव्हा ती ज्या दाराकडे तोंड करून बसली होती, त्या दारासमोरचं.

४

त्यानंतरच्या बुधवारी पेला परत डावीकडे होता. शिवाय ताटलीच्या वरच्या कडेला चिमूटभर मीठ होतं.

मृदुला त्या मिठाकडे बघत राहिली. पान वाढताना आधी मीठ वाढतात, ताटाच्या वरच्या बाजूला, मधोमध. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्याच सणाला हे तिच्याकडून करून घेतलं होतं. दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरच्या या गावात, स्कॉटिश माणसाच्या घरात, हे कुणाला ठाऊक असणार?

असेल की. मीठदाणी चांदीची होती, कलंडली असेल. उंदीर असेल. मृदुला शिकलेली बाई, दोनदा तपासल्याशिवाय पॅरासिटामॉलसुद्धा हातून न सोडणारी. तिनं इकडेतिकडे पाहिलं, दोरीवरून वाकली आणि हात लांब करून पेला उजवीकडे सरकवला. मग मुद्दाम वर गेली. मुलांच्या खोलीत लाकडी घोड्यासमोर उभी राहिली. खिडकीबाहेर एक टुई पक्षी घसा खरवडल्यासारखा ओरडत होता. बाकी सगळं घर गप्प होतं. आणि त्या गप्प घरात खालून आवाज आला. भांड्याच्या काठावर डाव आपटला की जसा येतो, तसा. वाढणारी बाई चिकटलेला भात झटकते ना, दोनदा, तसा.

ती जिना उतरून आली तेव्हा डायनिंग रूममध्ये कुणी नव्हतं. पेला डावीकडे होता. त्यात पाणी होतं आणि ते अजून हलत होतं. खुर्ची थोडी मागे ओढलेली, कुणी पाहुण्याला बसायला जागा करून द्यावी तशी.

मृदुलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी खरं सांगायचं तर तिला भीतीबरोबर आणखी एक वाटलं, आणि त्याची तिला फार लाज वाटली. तिला बरं वाटलं. कुणीतरी तिचं पान मांडलं होतं.

५

घरी येऊन तिनं स्वतःलाच बजावलं की आता तिकडे फिरकायचं नाही. एकटेपणानं माणसाचं डोकं फिरतं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. झोप नीट घ्यायची, भारतीय मंडळींच्या गणपतीच्या बैठकीला जायचं, बुधवारी पोहायला जायचं. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, विकत आणले, पिशवीत भरले. बुधवारी गाडी काढली आणि स्विमिंग पूलच्या वळणाला गाडी सरळ पुढे गेली, बंदराच्या काठाकाठानं, किल्ल्याकडे. कुणी चालवलं, असं विचाराल तर तिनंच चालवलं.

या खेपेला ती पॅन्ट्रीत बसली नाही. दोरीपाशी नुसती उभी राहिली. टेबलावरून वास येत होता. गरम भात, त्यावर पिवळंधमक वरण, तुपाची धार, हिंगाचा अगदी पुसटसा. ताटली मात्र कोरडी, पांढरीशुभ्र. मृदुलाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या क्षणी तिला इतकी भूक लागली की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवस ती ओट्यापाशी, सिंकपाशी, फोनसमोर जेवत होती! कुणी "बस गं" म्हणून वाढलं नव्हतं.

मग तिला तो पहिला बुधवार आठवला. आपण "या जेवायला" म्हणालो होतो. त्यावर कुणी "होऊ दे सावकाश" म्हणालं नव्हतं. म्हणजे जे कोण आलं होतं, त्याला नाही म्हणायची आपली रीत ठाऊक नव्हती. त्यानं ते आमंत्रण खरंच मानलं होतं. आणि ज्यानं आपल्याला जेवायला बोलावलं, त्याला आपणही एकदा बोलवायचं असतं, एवढी रीत तर सगळ्या जगात आहे.

"नको हं," ती मोठ्यानं म्हणाली. "जेवूनच आलेय मी." आणि मागे न बघता तिथून निघाली. जॅनेटनं काहीतरी विचारलं, तिला ते ऐकूसुद्धा गेलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं धैर्यशीलला फोन केला. "मला घरी यायचंय," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

तो गडबडला. "अगं, काय झालं? बरं नाही का तुला?" मग म्हणाला, "ऐक, पुढच्या आठवड्यात सिद्धीला सुट्टी लागतेय. आम्हीच येतो तिकडे. मग शांतपणे बोलू. तुझी नोकरी, इकडचं, सगळंच. चालेल?"

मागून सिद्धीचा आवाज आला. "आई, कॅन वी सी द कॅसल? तू नेहमी सांगतेस तो?"

६

मंगळवारी दोघं आली. फ्लॅट भरून गेला. सिद्धीचे जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, दारात, धैर्यशीलचा चार्जर ओट्यावर, बाथरूममध्ये ओला टॉवेल. मृदुला त्या पसाऱ्याकडे बघून सुखावली. रात्री तिघं जेवायला बसली. फ्लॅटमध्ये खुर्च्या दोनच, म्हणून सिद्धी सूटकेस उभी करून तिच्यावर बसली. धैर्यशील म्हणाला, "मी चौकशी केलीय. हटच्या हॉस्पिटलात जागा निघतेय. अर्ज कर. खूप झालं आता हे." सिद्धी ताटात बघत म्हणाली, "इट्स हीप्स क्वाएट विदाउट यू, आई."  मृदुलानं लेकीच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तिनं खूप टाळायचा प्रयत्न केला. म्हणाली, पेंग्विन बघू, बीचवर जाऊ. सिद्धी ऐकेना. शेवटी मृदुलानं दोघांना गाडीतून वर नेलं आणि पार्किंगमध्ये गाडी लावून म्हणाली, "तुम्ही जा. माझं डोकं दुखतंय, मी गाडीतच बसते. आणि डायनिंग रूममध्ये फार थांबू नका, बघण्यासारखं काही नाहीये तिथे."

"ओके. पण लवकर येतो, आय ॲम स्टार्व्हिंग," सिद्धी म्हणाली आणि बापाचा हात ओढत गेली.

गाडीची काच धुक्यानं भरली. मृदुला स्वस्थ बसून होती. आता सगळं ठीक होणार होतं. अर्ज करायचा, सामान बांधायचं, तिसऱ्या खुर्चीवरचे कपडे आपल्या हातानं उचलायचे. आणि मग एकदम तिला आठवलं. सिद्धी म्हणाली होती, भूक लागलीये. जेवायची वेळ झाली होती. पोर उपाशी पोटी त्या वाढलेल्या टेबलासमोर उभी राहणार होती.

मृदुला धावतच आत शिरली.

"ते दोघं वर मनोऱ्यात आहेत, लव्ह," जॅनेट म्हणाली. "खालच्या खोल्या नंतर बघतो म्हणाले."

७

डायनिंग रूममध्ये शिरता शिरताच तिला दिसलं. तीन पेले डावीकडे होते.

मधलं पान तिचं. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. तिन्ही ताटल्यांत मीठ वाढलेलं, तिन्ही खुर्च्या जरा मागे ओढलेल्या. शेजारी शेजारी तिघांची पानं. गेल्या दोन वर्षांत तिनं देवाकडे दुसरं काय मागितलं होतं?

"नाही," ती म्हणाली. "त्यांना नाही हं. त्यांनी नव्हतं बोलावलं."

ती दोरीखालून आत शिरली. उजवीकडच्या पानाचा पेला उचलून इंग्रजांसारखा ठेवला, ओढणीच्या टोकानं मीठ पुसलं, खुर्ची आत सरकवली. मग डावीकडचं पान. तिनं सगळं फोटोतल्यासारखं केलं. वर जिन्यात पावलं वाजली. धैर्यशीलचं बोलणं, सिद्धीचं हसणं. उरलं होतं ते मधलं पान. तेही हलवायचं आणि निघायचं. तिनं पेल्याकडे हात नेला आणि मागून खुर्चीची कड तिच्या गुडघ्यांना टेकली. कुणी ढकललं नाही. दमलेल्या माणसाला आपण "बैस की गं" म्हणत खुर्ची पुढे करतो, तसंच. ती बसली.

भात गरम होता. वरणावर तूप होतं. घास केव्हा कालवला आणि केव्हा तोंडात गेला, हे तिला कळलंच नाही. चव सासूबाईंच्या हातचीही नव्हती, आईच्याही नाही. कुणीतरी खूप लांबून बघून बघून शिकल्यासारखी होती. पण मीठ बरोबर पडलं होतं.

दोरीपाशी धैर्यशील आणि सिद्धी येऊन उभी राहिली.

"बापरे, केवढं टेबल!" धैर्यशील म्हणाला. त्याची नजर टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मधे कुठेच अडली नाही.

"बाबा, लुक. वन ग्लास इज ऑन द राँग साइड."

"पुसताना ठेवला असेल कुणीतरी."

सिद्धीनं दोरीवर हात ठेवला. भुकेनं तिचा चेहरा बारीक झाला होता. ती पुढे वाकून नाकानं वास घेत होती. तिची नजर फिरत फिरत मृदुलाच्या चेहऱ्यापाशी आली आणि थांबली. चेहऱ्यावर नाही, चेहऱ्यापाशी.

मृदुलाच्या तोंडात घास होता आणि दारात माणूस उभं होतं. जन्मभराची सवय तिच्या घशाशी आली. नुसते दोन शब्द. ती म्हणाली असती तर लेक आली असती. दोरीखालून वाकून, जीन्सला हात पुसत, शेजारच्या खुर्चीवर बसली असती. तिच्या पाठोपाठ धैर्यशीलही. मग कुणाला कुणाशिवाय जेवावं लागलं नसतं, कधीच. शेजारची खुर्ची तिनं नुकतीच आत सरकवली होती, ती आवाज न करता पुन्हा मागे येत होती.

मृदुलानं ओठ घट्ट मिटले. आयुष्यात पहिल्यांदा दारात कुणी असताना ती "या जेवायला" म्हणाली नाही. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि भातात पडलं.

सिद्धी तशीच उभी होती. मग अगदी हळू, स्वच्छ मराठीत म्हणाली, "होऊ दे सावकाश."

"कुणाला म्हणालीस?" धैर्यशीलनं विचारलं.

"डोन्ट नो." तिनं दोरीवरचा हात काढून घेतला आणि तळवा दंडावर चोळला. "कॅन वी गो? आई इज वेटिंग."

दोघं गेली. पावलं दालनातून लांब गेली, जॅनेटचं "सी या, लव्ह" ऐकू आलं, मोठं दार लागलं. थोड्या वेळानं बाहेरून, पार्किंगच्या बाजूनं सिद्धीची हाक आली. "आई?" मग जरा मोठ्यानं, "आईऽ!"

मृदुला उठणार होती. पण वाढलेल्या पानावरून उठायचं नसतं, म्हणून तिनं भराभरा ताटातलं संपवलं. शेवटचा घास घेतला, डाव्या हातानं पेला उचलून पाणी प्यायली. ताटली स्वच्छ झाली, म्हणजे आता उठता येणार होतं. तेवढ्यात तिच्या खांद्याशी कुणीतरी वाकलं आणि डाव भांड्याच्या काठावर दोनदा आपटला.

"पुरे," ती म्हणाली आणि पानावर हात आडवा धरला.

वाढणाऱ्यानं तरी वाढलंच.